सोनवणे कंट्रोलरची नऊ गाणी

सोनवणे अण्णा तुम्हाला न विचारता तुमच्या कानात वायर घालायचे.

वायर म्हणजे मोबाइलला लावून गाणी ऐकायची ती. तुम्ही परंड्याच्या स्टँडावर उभे आहात, हातात पिशवी, लक्ष कुर्डुवाडीच्या गाडीकडं. मागून एक जाडजूड, खाकी शर्टातला माणूस येणार, वायरचं एक टोक शर्टाच्या बाहीला पुसणार आणि थेट तुमच्या कानात. दुसरं टोक त्यांच्या स्वतःच्या कानात असायचंच. मग ते तुमच्या तोंडाकडं बघत राहणार, थर्मामीटर लावून डॉक्टर बघतो तसं. तुम्ही मान डोलावली की म्हणणार, "आत्ताच काय डोलायलाव? आजून आलंच न्हाय." नाही डोलावली तर तोंड पाडणार. आणि कंटाळून तुम्ही वायर काढायला हात वर नेलात की तो हात धरून म्हणणार, "उतरू नका. गाडी थांबली न्हाय."

एका बाईची खरोखरची गाडी अशानं चुकली. तिनं अण्णांना जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "ढवळे, बाई ठेक्यात बोलली."

अण्णा आमच्या स्टँडावरचे कंट्रोलर, म्हणजे वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, हे माईकवरून सांगायचं त्यांचं काम. माझी खिडकी पासची. आमच्यामध्ये एक प्लायवूडचा पडदा, त्याला वर वीतभर फट. त्या फटीतून चौदा वर्षं मी त्यांचा आवाज ऐकला. "बार्शीमार्गे सोलापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." साधं वाक्य. पण ते 'लागत आहे' असं काही लांबवायचे की गाडी लागायला दोन मिनिटं असली तरी माणसं उठून उभी राहायची.

तरुणपणी ते गायन पार्टीत होते. भीमजयंतीच्या महिन्यात गावोगाव फिरायचे, चौकात रंगमंच, पेटी, ढोलकी, मागं कोरस धरायला चौघंजण. लग्नानंतर सोडलं. का सोडलं विचारलं तर म्हणायचे, "घरी रियाज जमंना." आम्ही त्याचा अर्थ लावला की बायको खमकी असणार. बायकोला कधी स्टँडावर आणलं नाही, कुणाच्या लग्नकार्यात आणलं नाही. स्टँडावर दिवसभर बोलणारा माणूस घरी तोंड मिटून बसतो म्हणे, असं सगळे हसून सांगायचे. मीही सांगायचो.

तर असा हा गायन पार्टीतला माणूस चोपन्नाव्या वर्षाला टेकलेला असताना हिपहॉपच्या नादाला लागला. अण्णा 'हिपॉप' म्हणायचे.

झालं असं, की कुर्डुवाडी गाडीचा एक ड्रायव्हर दुपारी विश्रांतीच्या खोलीत आडवा पडून गाणी वाजवत होता. मोबाइलला एक काळा डबा जोडलेला, स्पीकरचा, आणि तो डबा कंडक्टर लोकांच्या पत्र्याच्या पेटीवर ठेवलेला. पत्रा थरथरत होता. आवाज माझ्या खिडकीपर्यंत येत होता. अण्णा तणतणत झापायला गेले. बराच वेळ परत येईनात म्हणून मी जाऊन बघितलं, तर ते पेटीवर हाताचा तळवा टेकवून उभे. डोळे मिटलेले. ड्रायव्हर घाबरून उठून बसलेला.

"कोण हाय हा?" अण्णांनी विचारलं.

"खडी," ड्रायव्हर म्हणाला.

"रस्त्याची?"

"न्हाय ओ अण्णा, नाव हाय त्याचं. येडशीचा हाय. 'फाटा' म्हणून अल्बम आलाय त्याचा. नऊ गाणी हायत."

"पयल्यापासनं लाव," अण्णा म्हणाले. त्या दिवशी साडेतीनची भूमची गाडी अनाऊन्समेंटशिवाय गेली.

पुढं दोन वर्षं आमच्या स्टँडानं ती नऊ गाणी सोसली. अण्णा त्यांना गाणी म्हणत नसत. बोलगाणी म्हणत. "गायलंय कुठं त्यानं? बोललाय. बोलता बोलता ठेक्यात घावलंय." पहिल्या बोलगाण्यात येडशी स्टेशनवरची रेल्वेची शिट्टी, तिच्या मागोमाग हलगी, आणि हलगी थकली की खालून मशीनचा ढोल. दुसऱ्यात कव्वालीच्या टाळ्या आणि खडीचं अर्धं मराठी, अर्धं दखनी. चौथ्यात कुणी म्हातारा धनगरी ओवी म्हणतो आणि त्या ओवीखाली एकच जड ठोका संथपणे पडत राहतो, आड खणताना पहार पडावी तसा. सहावं नळदुर्गच्या ढाब्यावरचं. त्यात ट्रकचे हॉर्न पेटीसारखे सुरात लावलेत, आणि एक ड्रायव्हर गाडीतच मेलेल्या आपल्या जोडीदाराशी हैदराबादेपर्यंत बोलत जातो. ते ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही, हे मी कबूल करतो.

"बघा ढवळे," अण्णा म्हणायचे, "हलगी हाय, संबळ हाय, कव्वाली हाय, विंग्रजी ढोल हाय. दुसरा कुणी असता तर कालवून लगदा केला असता. ह्यानं ताट वाढलंय. भाकरी भाकरीच्या जागी, ठेचा ठेच्याच्या जागी."

त्यांचं सगळ्यात आवडतं मात्र नववं. आणि नवव्यात शब्दच नाहीत. नुसता ठेका. खोल, जमिनीतून आल्यासारखा, मध्येच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा. त्यावरून आम्ही त्यांना फार छळलं. बोलगाण्यात बोलणंच नाही तर ते कसलं बोलगाणं? अण्णा चिडायचे नाहीत. म्हणायचे, "त्याच्यातच सगळं सांगितलंय."

एके दिवशी त्यांनी हद्द केली. बाजारचा दिवस, स्टँड गच्च. अण्णांनी मोबाइल माईकच्या तोंडाला धरला आणि दुसरं बोलगाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत अख्ख्या स्टँडाला ऐकवलं. फलाट क्रमांक दोनवर एक म्हातारा उठून ओरडायला लागला, "आरं सोडवा की कुणीतरी, भांडण लागलंय!" दोघं-तिघं खरोखर भांडण शोधत मुतारीकडं धावले.

साहेबांनी लेखी खुलासा मागवला. अण्णांनी तीन पानं लिहिली. ती टाइप करायला माझ्याकडं आली म्हणून मला पाठ आहेत. 'उपरोक्त विषयास अनुसरून खुलासा सादर करतो की, सदर कलाकाराने हलगी, टाळ्या व यांत्रिक ढोल यांचा एकत्रित वापर केलेला असून त्यात कोणत्याही वाद्याची गैरसोय झालेली नाही.' आणि पुढं, 'तक्रारदार प्रवाशाबाबत नम्र निवेदन की, सदर प्रवाशाने बोलगाणे पूर्ण ऐकलेले नाही.' शेवटी, 'पाचव्या बोलगाण्यात वेळापत्रकाची एक चूक असून त्याबाबत कलाकाराशी स्वतंत्र पत्रव्यवहार चालू आहे.' साहेबांनी 'पुन्हा असे घडू नये' असा शेरा मारला आणि मला बोलावून हळूच विचारलं, "ते पाचवं कुठलं हो?"

पाचव्यात एक बाई येडशी फाट्यावर सकाळी सातच्या गाडीची वाट बघते. अण्णांचं म्हणणं, सातला त्या फाट्यावर गाडीच नाही. सहा चाळीसला आहे, मग एकदम साडेसातला. "मानूस कविता करतो म्हणून गाडीची येळ बदलत न्हाय," असं म्हणून त्यांनी ड्रायव्हरकडून खडीचा नंबर मिळवला आणि त्याला चूक कळवली. उत्तर यायला आठवडा लागला. अण्णांनी ते मला वाचून दाखवलं. लिहिलं होतं, 'अण्णा, ती गाडी लई वर्षांपूर्वी बंद झाली. माझी आज्जी आजून सातला जाऊन बसती.'

वाचून त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. त्या दिवशी कुणाच्याही कानात वायर गेली नाही.

मग माईक बिघडला.

निदान आम्ही तसं समजलो. अण्णांचा आवाज खरखरायला लागला. 'लागत आहे'चा शेवट फाटायला लागला. प्रवासी म्हणायचे, ऐकू येत नाही. मेकॅनिकनं वायर बदलली. नवा माईक आणला. तरी खरखर तशीच. मग अँप्लिफायर बदलायचं ठरलं, त्याची मागणी मी माझ्या हातानं लिहिली. 'ध्वनिक्षेपक यंत्रणा जुनी झाल्याने आवाज अस्पष्ट येतो.' नवा अँप्लिफायर आला. अण्णांनी घसा खाकरला, बोलायला लागले, आणि नव्या यंत्रातून तोच फाटका आवाज आणखी मोठा होऊन अख्ख्या स्टँडावर पसरला. कुणीतरी ओरडलं, "अण्णा, कावळा बसलाय का माईकवर?" सगळे हसले. पडद्याच्या अलीकडं मीही हसलो.

अण्णांच्या वरच्या खिशात तंबाखूची चंची असायची. चाळीस वर्षं असायची. पण आम्ही यंत्रच तपासत राहिलो. यात पाच-सहा महिने गेले.

सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं की घशातलं आवाजाचं यंत्रच काढावं लागेल. हे अण्णांनी मला रजेचा अर्ज देताना सांगितलं. तोवर त्यांचं बोलणं म्हणजे नुसता वारा झाला होता. "बोलायचं कायमचं बंद," ते म्हणाले, "गिळायचं चालू ऱ्हाईल म्हणं." आणि हसले. मी म्हणालो, "होईल सगळं ठीक." माणूस काय म्हणायचं ते कळत नसलं की हेच म्हणतो. ऑपरेशनला आठ दिवस होते. मला वाटलं, हे आठ दिवस ते माईक सोडणार नाहीत. पण त्यांनी दुसऱ्या दिवसापासूनच रजा टाकली होती.

तीन-साडेतीन महिन्यांनी परत आले तेव्हा निम्मे झाले होते. खाकी शर्ट अंगावर वाळत घातल्यासारखा. गळ्याला भोक, त्यावर पांढरा रुमाल बांधलेला. तोवर स्टँडावर एका बाईचा छापील आवाज बसला होता. बटण दाबलं की बोलायचा. बटण दाबायचं काम साहेबांनी अण्णांना दिलं. त्यांनी चांगल्या मनानंच दिलं. अण्णा बटण दाबायचे आणि बाई बोलत असेपर्यंत टेबलाकडं बघत बसायचे.

एक गोष्ट मी तेव्हा बघितली. आवाज गेलेल्या माणसाला लोक बहिरा समजतात. चौकशीला आलेला प्रत्येक जण अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन बोंबलायचा. अण्णांनी माझ्याकडचे जुने, रद्द झालेले पासचे फॉर्म मागून घेतले होते. त्यातल्या एकाच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहून खिडकीला चिकटवलं, 'हळू बोला. कान शाबूत हायत.'

कानात वायर घालणं पुन्हा सुरू झालं. आता तोंडानं काही म्हणता येत नसल्यामुळं ते जास्तच कडक झाले. हात धरून ठेवायचे. फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायचे. 'आता हलगी बघा.' 'इथं त्यानं दम घेतला. दम पन ठेक्यात.' एकदा लिहिलं, 'ह्या पोराला म्हनावं बोलून घे.' मी वाचलं की नाही ते बघितलं आणि कागद चुरगाळून टोपलीत टाकला.

हे सहा महिने चाललं. मग ते यायचे बंद झाले. साहेब म्हणाले, दुखणं उलटलंय. मी दोन आठवडे जाऊ जाऊ म्हणत घालवले आणि एका रविवारी दुपारी गेलो.

मार्केट यार्डाच्या मागं दोन खोल्यांचं घर. चौदा वर्षांत मी तिथं पहिल्यांदा जात होतो. दार एका बारीक, ठेंगण्या बाईनं उघडलं. मी नाव सांगितलं, अण्णांची चौकशी केली. ती माझ्या डोळ्यांकडं न बघता ओठांकडं बघत होती. मी पुन्हा सांगितलं. तिनं भुवया वर केल्या आणि आत वळून हात हलवला.

आतून दुसरी बाई आली. अण्णांची धाकटी बहीण, शांताबाई. भावाच्या दुखण्यासाठी येऊन राहिलेली. "या, या," ती म्हणाली. "वैनीला ऐकू येत न्हाय. जन्माचंच हाय."

परंड्यासारख्या गावात असं काही लपत नाही. मला माहीत नव्हतं याचं कारण एवढंच, की मी कधी विचारलं नव्हतं. जे माहीत होतं ते आम्हीच रचलं होतं, आणि त्यावर हसलोही होतो.

अण्णा खाटेवर उशांना टेकून बसले होते. मला बघून त्यांचे डोळे चमकले. लगेच त्यांनी बायकोला दोन बोटांनी काही खूण केली. कौसल्याबाई नाव त्यांचं. त्यांनी कोपऱ्यातली पत्र्याची पेटी खाटेजवळ ओढली, तिच्यावर ड्रायव्हरकडं होता तसाच काळा डबा ठेवला, मोबाइल जोडला. मला वाटलं, पाहुण्याला चहा देतात तसं हे गाणं. पण अण्णांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ठेका सुरू झाला. नववं होतं. कौसल्याबाईंनी एक तळवा पेटीच्या पत्र्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं अण्णांच्या मनगटावर बोटं वाजवायला लागल्या. एकही ठोका चुकला नाही. जिथं गाणं थांबतं तिथं बोटं थांबली. पुन्हा सुरू होतं त्याच्या अगदी आधी त्यांनी बोट उचललं. नवऱ्याकडं बघून जरा हसल्या. पुढं काय येणार ते त्यांना माहीत होतं.

मी उभाच होतो. शांताबाईनं खुर्ची पुढं केली.

"दादानं सोता बघून केली ही," ती म्हणाली. "घरातली न्हाय म्हनत हुती, मुकी-भैरी कशाला म्हनून. त्यानं ऐकलं न्हाय. आन लगीन झालं तसं गानं सोडलं. आई लई बोलली. म्हनला, जिला ऐकूच येत न्हाय तिच्याम्होरं कुनासाठी गाऊ?"

अण्णांनी उशाखालून फॉर्मचा कागद काढला आणि लिहिलं. मी जवळ जाऊन वाचलं.

'तीस वर्स झाली. तिला ऐकू गेलेलं पयलं गानं हेच. माजं न्हाय, ह्या पोराचं. पयल्या दिवशी लई राग आला.'

मी वर बघितलं. त्यांनी कागद ओढून घेऊन खाली आणखी एक ओळ लिहिली. 'मग न्हाय आला.'

चहा करायला शांताबाई आत गेली. मी उठून तिच्यामागं गेलो, कारण त्या दोघांकडं बघत बसायला मला संकोच वाटत होता. चुलीपाशी तिनं मला बाकीचं सांगितलं. ती नऊ गाणी झाल्यावर कौसल्याबाईंना नाद लागला. तळवा कशावरही ठेवून बघायच्या. गिरणीच्या भिंतीवर, गाडीच्या पत्र्यावर. मग एक दिवस नवऱ्याच्या गळ्यावर ठेवला आणि बोला म्हणून खुणावलं. तेव्हापासून अण्णा रोज संध्याकाळी घरी येऊन तासभर बोलायचे. स्टँडावर काय झालं, कुणाची गाडी चुकली, साहेब काय म्हणाले. शब्द तिला कळत नव्हते. पण नवरा बोलतोय हे कळत होतं. ती गळ्यावर हात ठेवून बसायची.

"आन तिलाच पयलं कळलं," शांताबाई म्हणाली. "एक दिवस हात काढला आन खुनेनं म्हनली, हितं काय तरी अडतंय. पयल्यासारखं येत न्हाय. डाक्टरकडं चला म्हनून मागं लागली. रोज लागली. ह्यानं काय सांगितलं तिला, म्हाईत हाय? माईक बिघडलाय. खुना करून करून सांगितलं, माईक बिघडलाय, दुरुस्त करायलेत."

चहा उतू गेला. तिनं फडक्यानं पुसला.

"आपरेशनच्या आदी आठ दिवस रजा टाकून घरीच हुता. सकाळपासनं बसायचा. ती गळ्यावर हात ठिवायची. आवाज कुठं उरला हुता, नुसती घरघर. पन बोलत हुता. आन म्या ऐकलं काय बोलत हुता ते."

"काय?"

"गात हुता. त्या पार्टीतली जुनी गानी. तीस वर्सांची एका दमात."

मी चहा घेतला. तो कसा लागला ते मला आठवत नाही. निघताना अण्णांनी माझा हात हातात घेतला.

पुढच्या महिन्यात ते गेले. घरीच, सकाळी. स्टँडावरून आम्ही अकराजण गेलो. साहेब आले होते. तो कुर्डुवाडीचा ड्रायव्हरही ड्युटी बदलून आला होता, कोपऱ्यात टोपी हातात धरून उभा होता. त्रिशरण झालं. कौसल्याबाई सगळ्यांच्या ओठांकडं बघत होत्या. सगळ्यांचे ओठ एकदम हलत होते, तेव्हा त्यांना काय समजत असेल, कुणास ठाऊक.

ऑफिसातले काही कागद सहीला द्यायचे म्हणून पंधरा दिवसांनी मी पुन्हा त्या घरी गेलो. शांताबाई अजून होती. वैनीला येडशीला आपल्या घरी घेऊन जायचं तिचं चाललं होतं. खाट भिंतीला उभी केलेली. मी दाखवलं तिथं तिथं कौसल्याबाईंनी अंगठा न उमटवता नीट, सावकाश सही केली. सही त्यांना अण्णांनी शिकवली होती म्हणे.

मी उठलो तेव्हा त्यांनी मला थांबायची खूण केली आणि नणंदेकडं वळून हातांनी भराभर काही सांगितलं. शांताबाई जरा अडखळली. पुन्हा विचारून घेतलं. मग मला म्हणाली, "ती म्हनती, तुमी चौदा वर्सं शेजारी बसलाव. जवळनं कसा हुता, ते तिला ठाव हाय. लांबनं कसा यायचा, ते विचारती."

"काय?"

"दादाचा आवाज."

मी पुन्हा बसलो. आवाज कसा होता, हे ज्यानं कधीच कुठला आवाज ऐकला नाही त्याला कसं सांगायचं? जाड होता, म्हणालो. शांताबाईनं हात पसरून दाखवलं. कौसल्याबाईंनी मान हलवली, हे त्यांना माहीत होतं. मग मी म्हणालो, फलाट तीनच्याही पलीकडं जायचा. रस्ता ओलांडून रसवंतीपर्यंत. तिथं ग्लास हातात धरून बसलेल्या माणसालाही कळायचं की आपली गाडी लागली. ते 'लागत आहे' म्हणाले की बसलेली माणसं उठायची, बायका पोरांना कडेवर घ्यायच्या, गठुडी उचलायच्या. शांताबाईचे हात चालत होते. बसलेली माणसं, उठणारी माणसं, कडेवरचं पोर. कौसल्याबाई त्या हातांकडं डोळे न हलवता बघत होत्या.

मग त्यांनी आणखी एक विचारलं. अगदी लहान खूण होती. मान वळवून वर बघितल्यासारखी.

"लोक वळून बघायचे का, म्हनती. कोन बोलतंय म्हनून."

स्टँडावर अनाऊन्समेंट करणाऱ्याकडं कुणी बघत नाही. माणूस आपल्या गावाचं नाव ऐकतो आणि गाडीकडं पळतो. चौदा वर्षांत त्या केबिनच्या काचेकडं वळून बघणारा एकही प्रवासी मला आठवत नाही. मीसुद्धा पडद्याच्या वरच्या फटीतून नुसतं ऐकत होतो.

"बघायचे," मी म्हणालो. "रोज बघायचे."

शांताबाईनं ते हातांनी सांगितलं. कौसल्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि नणंदेला चहा ठेवायची खूण केली.